अभ्यासिकेबाहेरच्या खुर्च्या

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी चहा घेऊन त्यांच्या अभ्यासिकेच्या दाराशी उभी होते. दार उघडं असलं तरी आतून ‘ये’ आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, हा नियम. रणभूमीवर नकाशांच्या तंबूत सुरू झालेला, पंतप्रधानांच्या कचेरीत चाललेला आणि निवृत्तीनंतर आमच्या डोक्यावर येऊन बसलेला.

मान वर न करता त्यांनी पाच बोटं दाखवली. “पाच मिनिटं.”

“बाबा, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे झालात. आता कुठलं सैन्य हलवायचंय?”

“चहाबरोबर टोमणेही आणलेस? मग दहा लागतील.”

मला एक गोष्ट सांगायची होती. एकतीस वर्षं राहून गेलेली. चहावर साय धरली तेव्हा मी तो मोरीत ओतला, आणि म्हटलं, उद्या सांगू.

पहाटे ते झोपेतच गेले.

एकतीस वर्षांपूर्वी याच खोलीत तह झाला. ज्यांच्याशी बाबा चार वर्षं लढले, त्यांच्याशी सहा तास बसून त्यांनी युद्ध कायमचं मिटवलं. शाळेच्या पुस्तकात वाक्य आहे: ‘त्या संध्याकाळी जनरलसाहेबांनी कोणालाही आत येऊ दिलं नाही.’ कोणालाही म्हणजे मला. आई इस्पितळात होती. तिकडून तीनदा फोन आला, तीनदा मी लोटलेल्या दाराशी जाऊन “बाबा, इस्पितळातून” एवढं म्हटलं, आणि तीनदा आतून पाच मिनिटं आली. चौथा फोन ती गेल्याचा होता.

महिन्याभरात खोली संग्रहालयाला द्यायचं ठरलं. सामान एका दिवसात हलवायचं होतं. नऊला सुतार आला. दहाला बघते तर हा बाहेरच्या खुर्चीवर, हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन बसलेला.

“अजून हात नाही लावला?”

“साहेबांनी थांबायला सांगितलंय, ताई.”

“कुठल्या साहेबांनी?”

त्याने हनुवटीने दाराकडे खूण केली. आत रिकामी खुर्ची, टेबल आणि टेबलावर ऊन. “पाच मिनिटं म्हणाले.”

“अहो, ते वारले!”

“असेल. ऐकलं ते सांगितलं.”

कामचुकारांना निमित्तांचा कधी तोटा नसतो. मग संग्रहालयाच्या बाई आल्या. तिशीच्या, बाबांना जन्मात न भेटलेल्या. फोनवर बोलत तरातरा आल्या आणि उंबऱ्याशी थबकल्या. “सॉरी, सर,” आत बघून म्हणाल्या आणि सुताराशेजारी टेकल्या. त्यांच्यामागून तीन हमाल आले, तेही बसले. मी कपाळावर हात मारून घेतला.

बारा वाजले. कोणी घाबरलेलं नव्हतं. घड्याळं बघत होते, जांभया देत होते.

“टेम्पोवाला काय जन्मभर थांबणार आहे?” मी ओरडले.

“हळू बोला ना,” बाई कुजबुजल्या. “आत काम चाललंय.”

मी कान दिला. पंख्याच्या घरघरीशिवाय काही नाही. सगळं आयुष्य या दाराशी मी काढलं, आणि आता त्यांचा आवाज ऐकू येत होता तो सुताराला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी उंबऱ्यावर पाय ठेवला. ‘ये’ न ऐकता.

मागे पाचही खुर्च्या एकदम सरकल्या.

मी वळून पाहिलं. सगळे उठून उभे होते. सुताराने टोपी काढली. बाईंनी फोन पाठीमागे धरला.

त्यांच्या नजरा टेबलावरून निघाल्या. सावकाश दारापर्यंत आल्या. माझ्या खांद्याशी थांबल्या.

खांद्याच्या जरा वर. बाबा माझ्यापेक्षा वीतभर उंच होते.

मी तिकडे पाहिलं नाही.

“बाबा,” मी म्हणाले, “तिसरा फोन आईचा होता. तिने विचारलं, निघाले का? मी म्हटलं, निघालेत, पाच मिनिटांत पोचतील. मग तिने नर्सला केस विंचरून द्यायला सांगितलं.”