डाव्या कानातली बाई

श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती लोकांच्या कानात पोचून नऊ दिवस झाले होते. आता सापडतील त्यातल्या कोणत्या चुका लगेच दुरुस्त करायच्या आणि कोणत्या पुढे ढकलायच्या, हे ठरवणं तिचं काम. ऑफिसात तिला पाठीमागे ‘कात्री’ म्हणायचे.

यादीत सहावी तक्रार होती: खोली शांत असली की डाव्या कानात कुणीतरी पुटपुटतं. तक्रार करणारे अकरा जण, सगळे सत्तरीपुढचे. सॉफ्टवेअर कारखान्यातच बदलता यायचं, त्यामुळे दुरुस्ती करायची तर सगळी यंत्रं परत मागवावी लागणार होती.

“म्हातारी माणसं आहेत, भास होत असतील,” ती सकाळच्या बैठकीत म्हणाली. कुणीतरी हसलं. तिनं ‘किरकोळ’वर टिचकी मारली आणि सगळे चहाला उठले.

दुपारी मदतकक्षातला सहकारी दारात घुटमळला. “त्या अकरा जणांना फोन केला मी. आता स्पष्ट ऐकू येतंय म्हणे. बाईचा आवाज आहे.”

“काय म्हणते ती?”

त्यानं कागद पुढे केला आणि मान खाली घातली. अकरा नावांपुढे एकच वाक्य होतं. तिचंच, सकाळचं, शब्द न् शब्द.

बैठकीच्या खोलीतला माइक तिनं स्वतः तपासला. बंद होता. यंत्रात आवाज साठवायची सोयच नव्हती. अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त, कुठंतरी तोंड लपवावंसं वाटलं. अकरा अनोळखी माणसांनी ते ऐकलं होतं.

आणि तसलंच यंत्र तिच्या घरातही होतं. वडिलांना तिनंच मोठ्या कौतुकानं आणून दिलेलं.

ती तशीच घरी गेली. बाबा खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते.

“बाबा, डाव्या कानात काही ऐकू येतं?”

“येतं की.”

“मग बोलला नाहीत?”

“काय बोलायचं? कामाच्या गडबडीत निघून जातं माणसाच्या तोंडून.” ते चष्माच पुसत राहिले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथंच लॅपटॉप उघडून तिनं ‘किरकोळ’ खोडलं, ‘सगळी यंत्रं परत मागवा’ असं लिहिलं आणि खाली स्वतःचं नाव घातलं. मग बाबांची माफी मागायला वळली. अजून तोंडही उघडलं नव्हतं.

बाबांनी मान कलती केली.

“आता वेगळंच बोलतेय,” ते हळूच म्हणाले. “माफी मागतेय. रडतेय बिचारी.”

तिनं यंत्र काढून घ्यायला हात पुढे केला.

त्यांचा डावा कान मोकळाच होता.