पलंगासोबत आलेली बेल

खोटं वाटलं तर खुशाल खोटं समजा. दुसऱ्या कोणी मला हे सांगितलं असतं, तर मीही तोंडावर हसले असते.

पण हे माझ्या घरात घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत. आणि अजून संपलेलं नाही.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्याच असतात असं ज्यांना वाटतं, त्यांना आधीच सांगते... ही गोष्ट दुपारची आहे. जेवणं उरकलेली, भांडी पालथी घातलेली, बाहेर लख्ख ऊन.

घराच्या पुढच्या खोलीत माझं छोटंसं ब्युटी पार्लर आहे. मधल्या खोलीत बाबा असतात. मागे स्वयंपाकघर. लोकांच्या भुवया कोरत बसणारी मी बाई, मला कुठली आलीय भुतांची हौस?

बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "काही झालं तरी पडू देऊ नका. एकदा हाड मोडलं की पुन्हा उभं करणं कठीण आहे."

म्हणून कठड्याचा पलंग हवा होता. हँडल फिरवलं की डोक्याची बाजू वर होते ना, तसा.

असं काही लागलं की आमच्याकडे दादा. माझा मोठा भाऊ. जुन्या वस्तूंचा त्याला भारी नाद. आमचा फ्रिज, कपाट, माझी पार्लरमधली खुर्ची, सगळं त्याने ॲपवरच्या जाहिराती चाळून आणलेलं. मी त्याला भंगारशेठ म्हणते.

पण त्याच्यासारखं सज्जन गिऱ्हाईक शोधून सापडणार नाही. सांगितलेल्या वेळी जाणार. भाव पाडायला समोरच्याच्या वस्तूला नावं ठेवणार नाही. एकदा हो म्हटलं की दुसरीकडे स्वस्त मिळतंय म्हणून फिरणार नाही.

आणि का विकताय, हे कधीच विचारणार नाही.

"वस्तू आणायची, तिच्यामागचं दुःख उकरायचं नाही," असं त्याचं म्हणणं. "लोक काय हौसेनं विकतात?"

त्याच्या याच सभ्यपणाने आमचा घात केला.

पलंगाची जाहिरात त्याला लगेच सापडली. गादी, कठडे, सोबत बेल. त्याने नेहमीसारखं विचारलं, "पलंग अजून आहे का?"

उत्तर क्षणात आलं.

"आहे. लवकर न्या."

विकणारी एका शाळेत शिक्षिका होती. मी दादासोबत तिच्या घरी गेले. घर अगदी चकाचक. तिने आम्हाला खोली दाखवली, पण स्वतः उंबऱ्याच्या आत आली नाही. दारातूनच बोलत राहिली. पलंग तिच्या सासूबाईंचा होता. त्या गेल्या होत्या.

दादाने हँडल फिरवून पाहिलं, कठडे वर-खाली केले. मग बेल उचलली. दोरीत ओवलेलं पांढरं बटण, आजाऱ्याने गळ्यात घालायचं. दुसरा भाग स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये. दादाने बटण दाबलं.

टिंग... टाँग...

ती शिक्षिका इतकी दचकली की तिचा हात दाराच्या चौकटीवर आपटला.

"एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "त्या बेलबद्दल..."

"चालतेय ना ताई? मग झालं," दादा मऊ आवाजात म्हणाला. "राहू द्या. उगाच त्रास करून घेऊ नका."

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बिचारीला सासूची आठवण येत असेल. मी मान खाली घातली.

आम्ही घरी पोहोचायच्या आत तिने जाहिरात काढूनही टाकली होती.

पहिले काही दिवस मी त्या बेलला दुवाच दिला. बाबांना जणू आवाज परत मिळाला. पण ते फार कमी वाजवायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बेला ऐकलेला माणूस तो. मोठ्या दवाखान्यात वॉर्डबॉय होते. केस पांढरे झाले तरी वॉर्डबॉयच. आम्ही लहान असताना जेवताना कुणाच्याही दाराची बेल वाजली की त्यांचा घास हातातच राहायचा. "बेल वाजली की आधी पाय उचलायचा," म्हणायचे, "कारण मागून विचारायचं."

मग ती दुपार आली.

मी एका गिऱ्हाइकाचे केस धुवत होते.

टिंग... टाँग...

साबणाच्या हातांनी पळाले. बाबा गाढ झोपेत होते. बटण त्यांच्या गळ्यात नव्हतंच. अंग पुसताना मी ते खिडकीच्या खिळ्याला अडकवलं होतं.

खिडकी बंद होती. बटणाची दोरी हलतसुद्धा नव्हती.

मी परत फिरले. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले नसेन...

टिंग टाँग. टिंग टाँग. टिंग टाँग.

घाईघाईने. रागावल्यासारखी.

संध्याकाळी दादाला सांगितलं तर तो हसला. "अगं, बिनवायरचं प्रकरण आहे. शेजारच्या कुणाच्या रिमोटने वाजत असेल." त्याने बटणातला सेल काढला.

दुसऱ्या दुपारी पुन्हा वाजली.

आता दादा हसला नाही. त्याने प्लगमधला भाग उपटला, फडक्यात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. घर शांत झालं.

आमच्यासाठी.

बाबांची मान मात्र सारखी दाराकडे वळायला लागली. काहीतरी ऐकल्यासारखी. मग ते माझ्याकडे पाहायचे आणि डाव्या हाताने खुणा करायचे. जा... जा... मी नुसतीच उभी राहिले की त्यांच्या डोळ्यांत संताप यायचा. माझ्यावर असं कधीच रागावले नव्हते हो ते. मला रडू यायचं.

आणि एका दुपारी त्यांना वाचा फुटली. इतक्या महिन्यांनी पहिला शब्द.

"जा."

मी आनंदाने ओरडलेच. दादाला फोन लावणार, तेवढ्यात दुसरा आला.

"बोलावतेय."

माझ्या हातातला फोन तसाच राहिला. खोलीत आम्ही दोघंच होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात मी स्वयंपाकघरात असताना कठडा पडल्याचा खडखडाट झाला. धावत गेले. बाबा पलंगाच्या कडेला होते. उजवा पाय खाली लोंबत होता, डावा जमिनीला टेकलेला. ज्या माणसाला कूस बदलायला दोघं लागायचे, तो उठत होता.

"आलो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता. "आलो, आलो..."

आणि कोसळले. मी मध्ये आले म्हणून माझ्या अंगावर पडले. खांदा खरचटण्यावर निभावलं. पण डॉक्टरांचं बोलणं माझ्या कानात घुमत राहिलं.

त्याच संध्याकाळी मी त्या शिक्षिकेला फोन केला. म्हटलं, "त्या दिवशी तुम्हाला काय सांगायचं होतं?"

पलीकडून दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"सासूबाई सारख्या वाजवायच्या," ती म्हणाली. "पाणी द्या, पंखा लावा, पंखा बंद करा. कधी नुसतंच. मी शाळेतून दमून यायचे. एका दुपारी... मी सेल काढून ठेवला. थोडा वेळच. मला फक्त जरा डोळे मिटायचे होते, ताई."

"मग?"

"उठले तेव्हा त्या गेल्या होत्या. अंगठा बटणावर होता. सोडवता सुटत नव्हता." ती रडत होती. "मी सांगणारच होते. तुमच्या भावाने बोलू दिलं नाही."

पलंग परत घ्याल का, असं विचारायचं होतं. पण कोणत्या तोंडाने विचारणार?

दादाने दुसऱ्याच दिवशी आपली जाहिरात टाकली. त्यावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं, "सगळं लिही."

"काय लिहू? पलंग चांगला आहे, फक्त बेलमध्ये म्हातारी आहे?"

"ओरखडा असला तरी जवळून फोटो काढून दाखवतोस ना? मग हा काय कमी ओरखडा आहे?"

जाहिरातीत त्याने लिहिलं नाही. पण घ्यायला एक गॅरेजवाला आला, त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. अगदी शिक्षिकेच्या सेलपर्यंत. गॅरेजवाला मोकळा माणूस. आई अंथरुणाला खिळलेली, घरात तिसरं कोणी नाही. तो मनापासून हसला.

"न वाजणाऱ्या बेलपेक्षा वाजणारी बरी की हो! द्या गाडीत टाकून."

पलंग गेला. त्याच्यासोबत बेलही गेली.

आम्ही बाबांना साध्या लाकडी खाटेवर हलवलं. दोन्ही बाजूंना मऊ गाद्या टाकल्या. त्यांची मान दाराकडे वळायची थांबली. थोडं थोडं बोलायला लागले. मला नावाने हाक मारली तेव्हा मी पार्लरमधल्या सगळ्या गिऱ्हाइकांना चहा पाजला. वाटलं, सुटलो.

फक्त एक झालं. बाबा दुपारी फार गाढ झोपायला लागले.

मग गॅरेजवाल्याचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"ताई, एक विचारायचं होतं. तुमच्यापैकी कोणी दुपारी आमच्या आईकडे येतं का?"

"नाही. का हो?"

"आई म्हणते, बेल वाजवली की एक जण येतो. मी तर दुपारी गॅरेजमध्ये असतो आणि दाराला बाहेरून कुलूप. पण तिचा पेला भरलेला असतो. उशी नीट केलेली असते. फार प्रेमाने करतो म्हणे."

मी मधल्या खोलीकडे पाहिलं.

"कसा दिसतो... काही सांगितलं?"

"वयस्कर आहे. उजवा पाय ओढत येतो. सगळं डाव्या हाताने करतो." तो हसला. "बेल वाजली की लांबूनच म्हणतो... आलो, आलो. कोणी का असेना, त्यांना माझा नमस्कार सांगा. आई इतकी खूश कधी नव्हती."

मी फोन तसाच टाकला आणि मधल्या खोलीत गेले.

बाबा झोपले होते. हाका मारल्या. गाल थोपटले. खांदे हलवले. श्वास इतका संथ की मी नाकाशी हात धरून उभी राहिले.

कितीतरी वेळाने डोळे उघडले. लांबून चालत आल्यासारखे दमलेले. मी त्यांचा डावा हात हातात घेतला...

तो ओला होता.

डॉक्टरांना काही सापडत नाही. नाडी ठीक, रक्त ठीक. वयोमानानुसार झोप वाढते म्हणतात. पण मी रोज पाहतेय. रोज त्यांना उठवायला आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळ लागतो.

आम्ही गॅरेजवाल्याला पलंग परत मागितला. दुसरा नवा घेऊन देतो म्हणालो. तो हात जोडून म्हणाला, "तेवढं सोडून काहीही मागा. आईला सोबत मिळालीय. ती मी कशी काढून घेऊ?"

मग मीच दादाच्या मागे लागले. गॅरेजवाल्याला मेसेज कर म्हटलं. निदान बेलचा सेल तरी काढायला सांग.

दादाने फोन हातात घेतला. टाइप केलं. पुसलं. पुन्हा टाइप केलं.

"विकलेली वस्तू त्याने कशी वापरायची, हे आपण नाही सांगू शकत," तो म्हणाला. नंतर खाली मान घालून म्हणाला, "आणि सांगायचं तरी काय? अंथरुणाला खिळलेल्या बाईची बेल बंद करा? तुला माहितीये ना, एका घरात हे झालंय."

मेसेज गेला नाही. त्या बाईला मी पाहिलेलंसुद्धा नाही. पण ती बटण दाबतेय आणि कोणी येत नाहीये, हे चित्र मला सहन होत नाही. आणि बाबांशिवायचं हे घरही सहन होणार नाही. कुठेही वळलं तरी आगच आहे.

काल मी बाबांनाच विचारलं. हात जोडले. म्हटलं, "बाबा, जाऊ नका ना. मी एकटी पडेन हो."

त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. थोडं हसले. लहानपणी कामावर निघताना हसायचे तसेच.

"बेल वाजते, पोरी," म्हणाले.

आज मी पार्लर उघडलेलं नाही. भर दुपार आहे. खाटेला टेकून बसलेय, एका हाताने हे लिहितेय. दुसऱ्या हातात बाबांचं मनगट आहे.

मघाशी ते झोपेतच "आलो" म्हणाले.

तेव्हापासून हाका मारतेय...