वीट आला, वीट आली

"ओ भाऊ, याच्यापेक्षा चकाकणारी नाई का?"

हातातली टाइल मी त्या माणसापुढे नाचवली. वर्ध्यातलं आर्वी रोडवरचं टाइल्सचं दुकान, भर दुपार, आणि हा गृहस्थ कोपऱ्यात निवांत उभा! त्यानं माझ्याकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं... आणि मिटलं. मग निमूटपणे वरच्या फळीवरची टाइल काढून दिली.

"ही?"

"आणखी चकाकणारी."

अशा सात टाइल्स त्यानं काढल्या. आठव्या वेळी मी वैतागून म्हटलं, "जाऊ द्या, तुमच्या मालकांले बोलवा."

"बोलावतो जी," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "मीबी त्यांचीच वाट पाहून राह्यलो. मीबी गिऱ्हाईकच आहो."

कानाच्या पाळ्या इतक्या तापल्या, की साधं सॉरी म्हणायचंही सुचलं नाही. स्कूटी काढली आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या फाटकात बाबांशेजारी तोच उभा! खांद्यावर पिशवी, हातात टेप.

"हे प्रफुल्ल. आष्टीचे आहेत," बाबा म्हणाले. "वरच्या माळ्याचं बाहेरचं सगळं काम आता हेच पाह्यतीन. टाइल्स, रंग, जे काय तुह्या मनात असन ते यांले सांग."

त्यानं हात जोडले. "नमस्कार मॅडम. आज कोणती काढून देऊ?"

मी चहा आणायच्या निमित्तानं आत सटकले.

आमचं घर बिनप्लास्टरचं, हे आधी सांगून टाकते. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. सुटीच्या दिवशी भट्टीवर जाऊन त्यांनी एकेक वीट वाजवून निवडली, आणि इतकी चांगली वीट झाकायची कशाला, म्हणून भिंती उघड्याच ठेवल्या. बाबांना त्याचा कोण अभिमान! मला मात्र लाज. शाळेत मुली विचारायच्या, "तुमचं घर अजून चालूच आहे का गं?" मग मी रिक्षातून कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशीच उतरायला लागले. म्हणजे घर कुणाला दिसायलाच नको.

दोन वर्षांपूर्वी मला पाहायला पाहुणे आले होते. मुलाच्या मामांनी पोहे खाल्ले, बाहेर येऊन भिंतीकडे वर-खाली पाहिलं आणि म्हणाले, "बांधकाम पूर्ण झालं की कळवा." बाबा हसले. मी महिनाभर हसले नाही.

आता बाबा निवृत्त झाले, वरचा माळा चढला, आणि पुढच्या महिन्यात नागपूरचे पाहुणे मला पाहायला यायचे होते. मी ठरवून टाकलं होतं. खालीवर सगळीकडे चकाकती टाइल. एकही वीट दिसता कामा नये.

प्रफुल्लचं म्हणणं वेगळंच होतं. खाली वीट तशीच ठेवायची, धुऊन सांधे भरायचे. वर प्लास्टर करून फिकट रंग द्यायचा, म्हणजे वरचा माळा हलका दिसेल. त्यानं वरच्या भिंतीवर हातभर प्लास्टर करून त्यावर रंगाचे चार चौकोनही काढून ठेवले. मोतिया, पिस्ता, बदामी आणि एक ताकासारखा पांढुरका.

"यातला कोणता आवडते?"

"टाइल आवडते."

"हा पाचवा झाला, मॅडम. मी चारच काढले."

असं त्याचं बोलणं. एकदा मी नवी भिंत पक्की व्हावी म्हणून तिच्यावर पाणी मारत होते आणि तो नेमका खालून आला. पाइप माझ्या हातून फिरला... चुकून. डोक्यापासून चपलांपर्यंत भिजला बिचारा. केसांतून पाणी निथळतंय, आणि म्हणतो कसा, "भिंत राहू द्या, मीच पक्का झालो." मी हसू दाबायला तोंड फिरवलं. त्यानं रुमाल काढला, आधी हातातला नकाशा पुसला आणि मग चेहरा. ते मी चोरून पाहिलं. का पाहिलं, ते तेव्हा कळलं नव्हतं.

रोज संध्याकाळी नवा मुद्दा. आज सांधे, उद्या खिडकीचा पट्टा. आणि मी टाइलवर अडलेली. एका संध्याकाळी चिडून मी दिपालीला, माझ्या मैत्रिणीला, मेसेज लिहिला, "या प्रफुल्लचा मला वीट आला."

पाठवला. वर नाव पाहिलं...

प्रफुल्ल.

पुसायला गेले, तोवर दोन्ही खुणा निळ्या झालेल्या. वाटलं, उद्या नोकरीवरून थेट दुसऱ्या गावाला निघून जावं. पाच मिनिटांनी त्याचं उत्तर आलं, "वीट आली का? नमुन्याची वीट मी तर उद्या आणणार होतो. आजच कशी आली?"

मी तीनदा वाचलं. याला 'वीट आला' आणि 'वीट आली' यातला फरकच कळला नव्हता! शाळेत पाचवीच्या पोरांना मी हाच फरक शिकवते. इतका आनंद मला कुणाच्या कच्च्या मराठीचा कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो खरंच कागदात गुंडाळून वीट घेऊन आला. "पाह्यजा मॅडम, नवी वीट जुनीसोबत जुळत नाई. म्हून वर वीट नको म्हणतो." मला त्याची इतकी कीव आली, की चहासोबत चिवडाही दिला.

तरी टाइल मी सोडली नाही. नागपूरचे येणार होते ना!

टाइल लावायची तर आधी विटेला टाचे मारावे लागतात, छन्नीनं खाचा पाडाव्या लागतात. त्याशिवाय सिमेंटचा माल धरत नाही. शनिवारी सकाळी मिस्त्री दरवाज्याशेजारी छन्नी लावून बसला. बाबा अंगणात खुर्चीवर होते. प्रफुल्ल हळू आवाजात म्हणाला, "मॅडम... एकदा फोडली तं पुन्हा तशी होत नाई. अखरीचं विचारतो."

मिस्त्री पाहत होता, शेजारच्या काकू पाहत होत्या. माझं डोकं फिरलं.

"सांगितलं तेवढं करा ना! घर तुमचं आहे का?"

त्याचा चेहरा उतरला. "बराबर आहे," एवढंच तो म्हणाला आणि मिस्त्रीला खूण केली.

हातोडा पडला. लाल भुकटी उडाली. बाबा खुर्चीवरून उठले आणि आत गेले.

मी मागोमाग गेले. ते पलंगावर बसले होते, रेडिओचं बटण उगाच फिरवत.

"बाबा, काऊन उठले?"

"आवाज सहन होत नाई. तू होऊ दे काम."

"तुमाले नको असन तं सांगत काऊन नाई?"

त्यांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, "मंजू, तू लहानपणी दवाखान्यापाशी उतरत होती ना... मी पाह्यचो. ड्यूटीवरून येताना दोन-चारदा पाह्यलं. मले वाटलं, मोठी होईन तं लाज सरन. सरली नाई. चूक माहीच आहे पोरी. तेव्हाच प्लास्टर कराले पाह्यजे होतं."

इतकी वर्षं मी समजत होते, कुणाला कळलंच नाही. ज्याला कळायला नको होतं, त्याच माणसाला तेव्हापासून ठाऊक होतं. तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावं, असं झालं मला. मी त्यांच्या पायांशी बसले आणि ढसाढसा रडले. ते डोक्यावर थोपटत राहिले. म्हणजे समजूत पुन्हा तेच घालत होते!

डोळे पुसून मी बाहेर धावले. "थांबा! बंद करा काम!"

मिस्त्रीचा हात वरच्या वर थांबला. अकरा खाचा पडल्या होत्या. मी मोजल्या. शेजारच्या काकू अजून तिथेच होत्या. बरं झालं.

"प्रफुल्लजी, मघाशी मी बोलली ते चुकलं. सगळ्यांसमोर बोलली, म्हून सगळ्यांसमोरच माफी मागते."

तो गोंधळला. मिस्त्री शहाणा, चहाला म्हणून निघून गेला. प्रफुल्ल उगाच टेप बाहेर काढू लागला, आत सोडू लागला.

"माफी कायले... तुमचं घर, तुमची मर्जी."

"अजून एक आहे." आता थांबले असते, तर जन्मात बोलले नसते. "तो मेसेज... वीट आली असं नव्हतं लिहिलं मी. तो मी मैत्रिणीला पाठवत होती. तुमच्याबद्दल होता."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"आष्टीच्या शाळेतबी मराठी शिकवतात, मॅडम." तो खाली पाहून हसला. "अन् दुसऱ्या दिवशी वीट घ्याले सकाळी सकाळी भट्टीवर जा लागलं. नाईतं खोटं पडलं असतं."

"मग तेव्हाच काऊन नाई बोलले?"

"बोललो असतो तं... तुमी माह्यासमोर आल्या नसत्या पुन्हा."

हा माणूस माझी लाज वाचवायला स्वतः अडाणी ठरला होता. आणि मी चिवडा देऊन त्याची कीव केली होती!

"अजून वीट आहे का?" त्यानं हळूच विचारलं.

"वीट आहे," मी म्हटलं. "भिंतीत. आता तिथंच राहू द्या. वर तो ताकासारखा रंग द्या."

"अन् नागपूरवाले?"

"बाबांना सांगते, त्यांना नको म्हणून कळवा."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग घाईघाईनं भिंतीकडे वळला, खाचांवरून बोट फिरवलं. "हे मात्र बुजवता येनार नाई, मंजुषा. कितीबी केलं तरी दिसतीनच."

पहिल्यांदा त्यानं नावानं हाक मारली होती.

"दिसू द्या. कोणी विचारलं तं सांगीन, हे माह्या मूर्खपणानं झालं."

"कोणाकोणाले सांगान?"

माझे कान पुन्हा तापले होते. पण या वेळी मी आत पळाले नाही.

"आधी तुमच्या आईले. त्यांले घेऊन येजा रविवारी."