चौदाव्या नंबरची पाळी

धुळ्याच्या पाचव्या गल्लीत रतिलालशेठचं पूर्वी कॅसेटचं दुकान होतं. नव्व्याण्णव साली त्यानं कॅसेटी भंगारात काढल्या, पाच कॉम्प्युटर मांडले आणि पाटीवर 'इंटरनेट' असं रंगवून घेतलं. निम्म्या गल्लीला वाटलं, ही कॅसेटचीच नवी जात असेल. पण कॉलेजची पोरं यायला लागली, परदेशात मुलं असलेली म्हातारी जोडपी यायला लागली, आणि महिन्याभरात भांडणंही सुरू झाली.

भांडणं वेळेची होती. टेलिफोनची लाइन एक आणि तिच्यावर पाच मशीन. सकाळी पाच मिनिटांत उघडणारं पत्र संध्याकाळी अर्धा तास घ्यायचं, आणि शेठ भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून पैसे मागायचा. पत्र आलंच नाही तर पैसे कसले, असं गिऱ्हाईक विचारायचं. मग शेठनं पंडितला कामावर ठेवलं.

पंडित वना पाटील अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. सूतगिरणीच्या ऑफिसात वीस वर्षं हजेरी आणि पगाराची आकडेमोड केलेला, शेवटच्या चार वर्षांत कॉम्प्युटर शिकलेला. गिरणी बंद पडली तेव्हा तो घरी बसला होता, आणि एकुलती एक मुलगी शिरपूरला फार्मसीला होती. जूनमध्ये तिची शेवटच्या वर्षाची फी भरायची होती. ती भरली गेली की जन्माचं सार्थक झालं, असं तो बायकोला, प्रमिलाबाईला, रोज एकदा तरी सांगायचा. शेठची नोकरी त्याला देवासारखी भेटली.

पंडितनं पंधरा दिवस बसून स्वतःचा हिशेबाचा प्रोग्राम लिहिला. प्रत्येक सभासदाला एक नंबर. त्यानं तास आधी विकत घ्यायचे, घरातल्या कुणीही वापरायचे. लाइनवरून खरोखर काही येत-जात असेल तेवढाच वेळ कापायचा, ताटकळलेला वेळ सोडून द्यायचा. गर्दीच्या वेळी दर जास्त, इतर वेळी कमी. लोक खूश झाले आणि भांडणं थांबली. पहिला, म्हणजे एक नंबर, पंडितचा स्वतःचा होता, दुकानाच्या कामापुरता. बाकी बारा सभासद मिळून तेरा नंबर झाले.

आणि चौदावा नंबर कुणाचाच नव्हता.

त्याचं कारण असं की प्रोग्राम वेळ कापताना मिनिट पुरं करायचा. कुणी अकरा मिनिटं वीस सेकंद वापरली तर बारा कापली जायची आणि चाळीस सेकंद उरायचे. दुसऱ्या कुणी हे सेकंद गुपचूप शेठच्या पदरात टाकले असते. पंडितला ते पटेना. सभासदाचे म्हणावेत तर त्याच्याकडून कापलेले, दुकानाचे म्हणावेत तर दुकानानं काही दिलेलं नाही. त्यानं चौदा नंबर काढला, नावाची जागा कोरी ठेवली आणि उरलेले सेकंद तिथं जमा व्हायची सोय केली. हात आपसूक चालला होता. हे आपण कुठून उचललं, याचा विचारही त्याच्या मनात आला नाही.

खरं तर हे त्यानं बापाकडून उचललं होतं. साक्रीकडे पांझरेच्या काठावर त्यांचं गाव. तिथं फडाची पद्धत जुनी. बंधारा सगळ्यांचा, पाट सगळ्यांचा, आणि कुणाच्या वावराला किती वेळ पाणी हे पाटकऱ्यानं बघायचं. पंडितचा बाप वना हा पाटकरी होता. सगळ्यांच्या पाळ्या दिल्यावर आठवड्याचा जो थोडा वेळ उरायचा, तो वना कुणाला देत नसे. बुधवारी दुपारी तीन वाजता पाट अडवणारी शेवटची फळी उचलून तेवढं पाणी तो नदीकडच्या पडीक जमिनीत सोडायचा. तिथं गवताशिवाय काही उगवत नसे. गाव त्याला उरल्याची पाळी म्हणायचं, आणि पाटकऱ्याचं डोकं जरा फिरलेलं आहे असंही म्हणायचं.

एप्रिलच्या शेवटी पंडित आठवड्याची छापील यादी बघत होता. चौदा नंबरवर दोन तास सात मिनिटं जमा होती, आणि तितकीच खर्च झालेली होती. वार बुधवार, सुरुवात दुपारी तीन, मशीन पाचवं.

उन्हाळ्यात पाचवी गल्ली दुपारी एकला बंद होते ती साडेपाचला उघडते. कुत्रीसुद्धा गटारीत जाऊन पडतात. शटरच्या किल्ल्या दोनच होत्या, एक शेठकडे आणि एक पंडितकडे. पंडितनं आपलं लिहिलेलं सगळं पुन्हा तपासलं. चूक सापडली नाही. पुढच्या बुधवारी एक तास एकावन्न मिनिटं जमा झाली होती आणि तेवढीच खर्च झाली. त्याच्यापुढच्या बुधवारीही तसंच.

तोवर टेलिफोनचं बिल वाढून आलं आणि शेठनं यादी मागितली. त्यानं चौदा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं. मग त्यानं चहा मागवला, पण एकच. पंडितला जे समजायचं ते समजलं. वीस वर्षं दुसऱ्याच्या पैशाला हात न लावलेला माणूस, आणि त्याच्यावर ही वेळ यावी! त्याला रात्रभर झोप लागली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. नोकरी गेली तर फीही गेली, हे एकच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

बुधवारी तो घरी गेला नाही. एक वाजता त्यानं आतून शटर ओढून घेतलं. पाचव्या मशीनचा प्लग काढून वायर टेबलावर गुंडाळून ठेवली. टेलिफोनची वायरही भिंतीतून उपसली. फक्त हिशेबाचा कॉम्प्युटर चालू ठेवला आणि तो समोर स्टुलावर बसला. पंखा नव्हता. पत्र्याला ऊन लागून तो अधूनमधून कडकड वाजत होता. घाम पाठीवरून कमरेपर्यंत उतरला होता.

तीन वाजले. पडद्यावर ओळ उमटली. चौदा नंबर, मशीन पाचवं, सुरू.

पंडित वळून बघू लागला. मशीनचा पडदा काळाच होता. वायर होती तिथंच होती.

मग वास आला. तापलेल्या ढेकळांवर पाटाचं पाणी सोडलं की येतो तो, गवताच्या मुळ्यांचा, गाळाचा. पाठोपाठ आवाज आला, फार बारीक, फरशीच्या खालून. फळी थोडीच उचलली की पाणी असं वाजतं.

पाचव्या मशीनसमोरच्या खुर्चीचा वेत दबला आणि दबलेलाच राहिला.

पंडित हलला नाही. पडद्यावर येणारं शून्य होतं, जाणारं शून्य होतं. फक्त वेळ कापला जात होता, सेकंदासेकंदानं, अगदी बिनचूक. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी शिल्लक संपली. वेत कुरकुरला आणि वर आला.

शेठनं बाहेरून शटर वाजवलं तेव्हा पंडितला उठून उघडायला वेळ लागला. आत कोंडून बसलेला माणूस आणि चौदा नंबरची ताजी ओळ, शेठला हातच्या काकणाला आरसा नको होता. तरी तो ओरडला नाही.

"पंडितभाऊ, मी पोलिसात जाणार नाही. चौदा नंबर आत्ता बंद करा, नाहीतर किल्ली ठेवा."

"आणि उरलेले सेकंद, शेठ?"

"तुमच्या एक नंबरात घ्या. दुकानाच्याच कामाचा आहे ना तो?"

पंडितला वाटलं, आत्ता सगळं सांगून टाकावं. पण काय सांगणार? त्याच्या डोळ्यांपुढे शिरपूरची पोरगी आली. त्यानं चौदा नंबर पुसला आणि उरलेले सेकंद एक नंबरवर वळवले. दोनदा बटण दाबायचं काम.

पुढच्या यादीत सगळं ठाकठीक होतं. शेठनं दोन चहा मागवले. सुंठीवाचून खोकला गेला, असं म्हणून पंडितच्या पाठीवर थापही मारली. पंडितनं ती यादी मात्र नीट वाचली नव्हती. बुधवारी तीन वाजता पाचव्या मशीनवर एक नंबर लागला होता.

त्या बुधवारी तीन वाजता पंडित देवपुरात स्वतःच्या घरी खाटेवर झोपला होता. प्रमिलाबाई शेजारीच शेवया वाळत घालत होती. तो उठला तेव्हा तिनं विचारलं, पाय कुठं बुडवून आलात? पायजम्याची कड ओली होती. तळव्यापासून चार बोटं. बोटांच्या बेचक्यात गाळ होता. खाटेवरून तो उठला नव्हता हे तिनंच दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो गावाला गेला. आई, भिकुबाई, ओट्यावर बियाण्याच्या शेंगा फोडत बसली होती. बाप बहात्तरच्या दुष्काळात गेला तेव्हा पंडित एकवीस वर्षांचा होता, पुण्याला नोकरी शोधत फिरत होता. उन्हाचा झटका, एवढंच त्याला कळवलं होतं. त्यानं आईला उरल्याची पाळी विचारली. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं.

"गाव आडं पडनं," ती म्हणाली. "पानी नही, आनि हाऊ पडीकमा सोडस, आसं बठ्ठा म्हनेत. मंग तुना बापनी ती पाळी बंद करी. उरेल पानी आपला वावरमा लिधं."

"ती पाळी कोनी होती, माय?"

"इचारानं नही. उरेल आपलं नही, इतलंच तो म्हने."

पंडितनं पायजमा वर करून पाय दाखवला. ओल सुकली होती, पण जिथवर पाणी आलं होतं तिथं गाळाची रेघ राहिली होती. धुऊनही गेली नव्हती. म्हातारीनं ती बघितली आणि डोळ्याला पदर लावला.

"पयले पायच वल्ला व्हयनात त्याना," ती म्हणाली. "मंग गुडघा. मंग कंबर. पाट कोल्ला ठाक व्हता रे."

बाप सापडला तो कोरड्या पाटात, शेवटच्या फळीपाशी, बसलेला. कपडे गळ्यापर्यंत ओले. हे तिनं सत्तावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

पंडित संध्याकाळच्या गाडीनं परतला. शेठला न विचारता त्यानं चौदा नंबर पुन्हा काढला, नाव कोरं ठेवलं, सेकंद परत तिकडे वळवले. एक नंबरवर जमा झालेलं सगळंसुद्धा तिकडे टाकलं, वर आपल्या पदरचे दहा तास घातले. नोकरी गेली तर जावो, असं त्याला पहिल्यांदाच मनापासून वाटलं. मग तो बुधवारची वाट बघत राहिला.

बुधवारी तीन वाजता चौदा नंबरच्या शिलकीला कुणी हात लावला नाही.

एक नंबर सुरू झाला. पंडित त्या वेळी गल्लीच्या तोंडाशी, लखलखीत उन्हात, बंद टपरीच्या फळीवर बसलेला होता. मुद्दाम बसला होता. त्यानं खाली बघितलं. पायाखालची धूळ कोरडी होती, आणि पायजमा भिजत होता.

घरी आल्यावर त्यानं दार लावून घेतलं आणि बोटं लावून मोजलं. आठ. म्हणजे दर बुधवारी चार. मग तळव्यापासून गळ्यापर्यंत तो बोटं लावत गेला, प्रमिलाबाईनं वरची मोजून दिली. चौऱ्याहत्तर भरली. पाणी गळ्याशी यायच्या आत जूनची फी भरून होत होती. मुलीची वर्षअखेरची परीक्षा मात्र त्यात बसत नव्हती.

जुन्या सवयीनं त्यानं यादीच्या पाठीवर भागाकार मांडला. अठरा बुधवार.

दोन बोटं उरत होती.

पेन्सिल हातात धरून तो बसून राहिला. त्या दोन बोटांसमोर कुणाचा नंबर लिहायचा, ते त्याला सुचेना.