जुन्या बांधाचा चिखल

सकाळी जांभळी असलेली नळी दुपारी पिवळी कशी झाली?

निहाराने त्यात दुसरं काही टाकलं नव्हतं. फक्त साबणासारखं एक द्रावण. तिने नळी उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. पिवळी ती पिवळीच.

"मी म्हटलं होतं, आबांना येऊ दे," चिमटा म्हणाला. चिमटा म्हणजे आबांच्या प्रयोगशाळेतला यंत्रमानव. त्याला दोन लांब हात होते, एक डोळा होता आणि न विचारता सल्ले द्यायची सवय होती.

"तू गप्प बस रे!" निहारा म्हणाली.

तो जांभळा रंग कुठे विकत मिळणारा नव्हता. आबा म्हणजे तिचे आजोबा, डॉ. हेमचंद्र म्हात्रे, उरणजवळच्या एका मिठागरावर लहानाचे मोठे झाले. आता तिथे तरंगतं बंदर आहे. मिठागर बंद झालं त्या हंगामात आबांनी तिथल्या मिठाच्या वाफ्यातलं पाणी बरणीत भरून आणलं. मीठ धरायच्या आधी ते पाणी गुलाबी-जांभळं व्हायचं, संध्याकाळी घरी जाताना पोरांचे पायही गुलाबी दिसायचे, असं आबा नेहमी सांगत. तो रंग खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा. बरणीतले जीव आता वाढत नव्हते. त्यांच्यातून जेवढं जांभळं निघालं, तेवढंच जगात उरलं होतं. त्यातलं अर्धं या नळीत होतं.

आबा आले, तेव्हा तिने नळी पाठीमागे लपवली नाही.

"कोणता साबण घातलास?"

"सगळ्यात कडक. तव्याचं तेल निघतं तसं पटकन सुटेल, असं वाटलं."

आबा रागावले नाहीत. नळी घेऊन खुर्चीत बसले आणि ती उजेडाकडे धरून निरखू लागले. रागावले असते तर बरं, असं निहाराला वाटलं.

"बाय, बस इथे," ते म्हणाले. "हे जांभळं म्हणजे एक प्रथिन (पेशीतली कामं करणारा, घड्या घालून बसलेला लांबलचक रेणू). ते राहतं पेशीच्या पटलात (पेशीभोवतीच्या स्निग्ध आवरणात). आमच्या मिठागराच्या बांधात उघाडी असायची ना, पाणी सोडायचं लाकडी दार? तसंच हे दार. उजेड पडला की आम्लाचे कण एका बाजूचे दुसऱ्या बाजूला टाकतं."

"मग त्याला बाहेर काढायचंच कशाला?"

"जुना बांध, म्हणजे त्या पेशींचं पटल, फुटत चाललाय. दार नव्या बांधात बसवायचंय. पण त्याच्या अंगाला तेलाची सवय. नुसत्या पाण्यात ही प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा होतात. म्हणून अपमार्जक लागतो (साबणासारखा पदार्थ, ज्याचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला). त्याचे रेणू प्रथिनाभोवती कडं करतात आणि ते पाण्यात सुटं होतं. मात्र अपमार्जक कडक असला, तर घड्यांच्या आतही घुसतो. घडी उलगडली की आत धरलेला रंगाचा कण निसटतो."

"म्हणून पिवळं. आणि दाराचं काम?"

"दारच मोडलं, काम कसलं? कधीकधी पुन्हा घडी पडते, पण भरवसा नाही."

"सौम्य अपमार्जक घेऊ," चिमटा म्हणाला.

"त्यातही हळूहळू ढिलं पडतं. मागच्या खेपेला संध्याकाळपर्यंत फिकं झालं होतं, आठवतं ना?"

चिमट्याला आठवत होतं. त्याने पुढे केलेली बाटली मागे घेतली.

निहारा दुसऱ्या नळीकडे, उरलेल्या अर्ध्याकडे, पाहत होती. ती अजून जांभळी होती. "आबा, खरी उघाडी दुसऱ्या बांधात न्यायची झाली तर काय करायचे?"

आबा हसले. आज पहिल्यांदाच. "मोठी मिरवणूक असायची! उघाडी सुकली की लाकूड तडकतं. म्हणून माझे वडील तिला जुन्या बांधाचा चिखल थापायचे. वर ओली गोणी. आम्ही पोरं मागून चिखलाच्या पाट्या घेऊन. वाटेत सुकली की पुन्हा थापायचा. निम्मा चिखल आमच्याच अंगावर..."

"मग या नळीतल्या उघाडीला का नाही थापायचा?"

"काय?"

"जुना चिखल. म्हणजे त्याच पटलाचं तेल."

आबांनी चष्मा काढला, परत घातला. "चिमट्या, त्या पेशींचे स्निग्ध रेणू कुठे आहेत?"

"कचऱ्याच्या बाटलीत. आता टाकणारच होतो."

"टाकलंस तर तुझा डोळा काढीन! आण इकडे."

या वेळी निहाराने घाई केली नाही. सौम्य अपमार्जक, त्यात पटलाचे स्निग्ध रेणू, मग थेंबाथेंबाने जांभळं. संध्याकाळ झाली. रंग तसाच. सकाळीही तसाच. मग त्यात अपमार्जक शोषणारे बारीक मणी टाकले. अपमार्जक जसजसा कमी झाला, तसतसे स्निग्ध रेणू एकमेकांना बिलगले आणि त्यांच्या पुटिका (सूक्ष्म पोकळ गोळ्या) झाल्या. प्रथिनं त्यांच्या भिंतीत बसली.

"रंग टिकला. पण दार चालतं का?" निहाराने विचारलं.

आबांनी द्रवात दर्शक टाकला. आम्ल कमी झालं की हा पिवळ्याचा लाल होतो, हळदीवर साबण पडावा तसा. चिमट्याने दिवा लावला. आम्लाचे कण पुटिकांच्या आत जाऊ लागले, बाहेरचे कमी झाले आणि द्रव कडेपासून लालसर होत गेला. दिवा बंद केल्यावर हळूहळू पूर्वीसारखा झाला.

"चाललं!" निहारा ओरडली. "आबा, औषधं ज्या प्रथिनांवर काम करतात, त्यांतली बरीचशी अशी दारंच असतात ना? ती न मोडता काढता आली तर..."

"तर त्यांचा आकार नीट बघता येईल, नवी औषधं शोधता येतील. पुष्कळ दारं आहेत, बाय. प्रत्येकाचा चिखल वेगळा. तो तू शोध." आबा नळीवर वाकले. "चिमट्या, दिवा लाव पुन्हा."

"तपासणी पूर्ण झाली आहे, आबा."

"तपासणी नाही रे," आबा म्हणाले. "पाय गुलाबी होतात का, ते बघतोय."