गुलाबी ते बाद

वरळीला ओहोटीच्या चिखलात एक पोरगा चमच्याने गाळ खरवडत होता. मी कानातल्यांची ऑर्डर पोचवून परत चाललेले. राहवलं नाही.

"ए, घरी जेवायला वाढत नाहीत का?"

"वाढतात. पण एवढं टेस्टी नसतं," तो खाली मान घालूनच म्हणाला. मग वर बघितलं... आणि बघतच राहिला. मला राग आला. हसूही आलं. नक्की काय, कळलंच नाही.

नाव सौमित्र. एमएस्सी करतो. त्या गाळात म्हणे रव्याहून बारीक जीव असतात – फोरॅम. अख्खा जीव एका पेशीचा, पण स्वतःचं कवच स्वतः बांधतो.

"एका पेशीला सेपरेट घर? आम्ही पाच जण एका खोलीत राहतो!"

मी घोडपदेवला, चाळीच्या गॅलरीत बसून इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवते. एकोणिसावं चालू आहे. शाळा नववीतच सोडली, पण नजर एक नंबर. हे कळल्यावर हा भिंग, ब्रश आणि वाळूची डबी घेऊन हजर. "कवचं वेचून देशील, सुमेधा?"

मग दर रविवारी यायला लागला. एकदा कच्छची आणली – दगड झालेली, नाण्याएवढी.

"हीपण एकाच पेशीची? थापा नको मारू."

"शप्पथ." तळहातावर ठेवताना बोटं जरा जास्तच रेंगाळली. हा कामासाठी येतो, की...? विचारणार कसं?

या रविवारी ट्रे बघून त्याचा चेहराच पडला.

"गुलाबी कुठेत?"

"फेकले. रंग लागलेला माल बाद. पांढरे, चांगले तेवढे ठेवलेत."

"अगं, रंग मीच टाकलेला! गाळ काढला तेव्हा जे जिवंत होते, तेच गुलाबी होतात. पांढरे आधीच मेलेले."

माझं डोकं सटकलं. राग स्वतःवरच होता, पण निघाला त्याच्यावर. "मग आधी सांगायचं ना! शाळा सोडलेल्या पोरीला देतोस कशाला? जा, कॉलेजातली शोध!"

"सांगणार होतो. तू समोर असलीस की राहून जातं."

"काय?"

तो गेला नाही. कठड्याला टेकून उभा, कान लाल. "वेचायला मला येतं गं. तुला दिलं, कारण... इथे यायला काहीतरी निमित्त लागत होतं."

"म्हणजे नुकसान नाही झालं?"

"झालं ना. सर झापणार."

"मग हसतोस काय येड्यासारखा?"

"माहीत नाही."

मलाही माहीत नव्हतं, मी का हसत होते. खड्यांचा पसारा सरकवून शेजारी जागा केली.

"बस. आणि पुढच्या रविवारी डबी नको आणू... नुसता ये."