टोपलीभर चिंध्या

मोबाईल खिशात घाला आधी. आणि तू, कोपऱ्यातला, रेकॉर्डिंग करत असशील तर बंद कर. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं टिपून घेतली, माझं कुणी टिपलेलं मला चालत नाही. तुम्हाला भोंग्याची गोष्ट हवी ना? मग ऐका. ज्याला झालं त्याच्याच तोंडून मी ती ऐकलीय, आणि त्या माणसाने बातमीत कधी स्वल्पविरामसुद्धा खोटा टाकला नाही.

भोंगा म्हणजे आमच्या पेपरातला जुना बातमीदार. आईबापांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं त्याला, पण ऑफिसात ते फक्त पगारपत्रकावर. आवाजच तसा. पत्रकार परिषदेत तो शेजाऱ्याच्या कानात कुजबुजला तरी व्यासपीठावरच्या मंत्र्याला घाम फुटायचा. कीबोर्ड बडवायचा तर असा, की संगणक खात्यातल्या पोरांनी त्याच्यासाठी एक जादा कपाटात ठेवलेला असे. घरी लिहायला बसताना खुर्ची मागे ओढायचा. ती जड लाकडी खुर्ची फरशीवरून अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे वकील छताला काठी मारायचे. मी त्या घरी कितीदा जेवलोय. ती किंचाळी माझ्या चांगल्या ओळखीची.

आणि एवढ्या दणदणाटी माणसाचं घर कसं? चिडीचूप. टीव्ही हळू, मिक्सर तो बाहेर गेल्यावर. मुलगी लहान असताना तिला आई-बाबा म्हणता यायच्या आधी एक वाक्य समजायला लागलं होतं. वहिनी ओठांवर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, "श्श्, बाबा लिहितायत."

तर एका संध्याकाळी वहिनी बहिणीशी फोनवर बोलताना हसत होत्या. पोट धरून हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी. आतून भोंगा ओरडला, "जरा गप्प बसता येईल का? इथे माणूस लिहितोय!"

वहिनी म्हणाल्या, "बरं."

त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत.

भांडण असतं तर परवडलं असतं, भांडणात भोंगा कुणाला हार जाणारा नव्हता. पण हा अबोला. चहा वेळेवर, कपडे घडी करून, औषधाची गोळी पाण्याच्या ग्लासाशेजारी. फक्त शब्द नाही. आठवडे गेले. मुलीने परगावाहून फोन केला. भोंगा म्हणाला, "तुझी आई रागावलीय."

मुलगी म्हणाली, "रागावली नाहीये हो बाबा. दमलीये. सॉरी म्हणा तिला, सरळ, एकदा."

"म्हणतो ना. सवड मिळू दे."

सवड! मंत्रिमंडळ पाडायला ह्याला सवड होती.

तेवढ्यात संपादकाने काम काढलं. तो थोर लेखक, ज्याची पुस्तकं तुम्हाला परीक्षेला होती आणि तुम्ही वाचली नाहीत, त्याचं राहतं घर दुरुस्त करून संग्रहालय केलं होतं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. संपादक म्हणाला, "आदल्या रात्री तिथेच राहा. लेखकाच्या खोलीत एक रात्र. वाचकांना असलं फार आवडतं." निवृत्तीला टेकलेला माणूस, गुडघे दुखतायत, त्याला म्हणे परक्या घरात जागरण करा! भोंग्याने शिव्या घातल्या आणि हो म्हणाला. घरी तरी कोण बोलणार होतं?

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. दुसरा शुक्रवार. थंडी होती, चंद्र नव्हता.

थांबा, ती खिडकी लावतो, वारा येतोय... हं.

भोंगा पोचला तेव्हा दिवे लागले होते. संग्रहालयाचा संचालक दारातच उभा. तरुण, चकचकीत बूट, बोलणं माहितीपत्रकासारखं.

"सगळं जसंच्या तसं ठेवलंय, सर."

"वास तर रंगाचा येतोय."

"तेवढं करावं लागतं, सर."

जिन्यात भिंतीवर पितळी अक्षरं होती: 'श्श्... ते लिहितायत.'

भोंगा थबकला. "हे काय?"

"त्यांच्या मिसेसचं वाक्य. कोणी भेटायला आलं की त्या इथे, ह्याच पायरीवर उभ्या राहायच्या आणि एवढंच म्हणायच्या. लोकांनी आठवणींत लिहून ठेवलंय. आम्ही कपावरही छापलंय. फार खपतो."

"बाईंची खोली कुठली?"

"तिथेच मिळतात सर, कप."

भोंग्याचा पारा चढायला लागला. "त्यांची एखादी वस्तू?"

"तसं खास काही नव्हतं." संचालक हसला. "हां, चिंध्या निघाल्या. टोपलीभर! खुर्च्यांच्या पायांना, दारांच्या कड्यांना, घड्याळाच्या लंबकाला, भांड्यांच्या झाकणांनासुद्धा. जुनं कापड फाडून बांधलेलं. आवाज होऊ नये म्हणून. गाठी इतक्या पक्क्या की सुटेनात. शेवटी कात्रीने कापल्या."

"कुठायत?"

"जाळल्या. चिंध्या बघायला तिकीट काढून कोण येणार, सर?"

"अहो, तेच तर संग्रहालय होतं!" भोंगा एवढ्या मोठ्याने गरजला की खाली पहारेकरी उठून उभा राहिला.

पण गरजून झाल्यावर त्याला काहीतरी टोचलं. जुनं कापड फाडणारी बाई त्याच्या डोळ्यांपुढे आली आणि तिचा चेहरा वहिनींचा होता. 'उद्या घरी गेलो की पहिलं काम,' तो मनात म्हणाला. 'बाकी सगळं नंतर.'

संचालक किल्ल्या देऊन गेला. पहारेकरी फाटकाजवळच्या खोलीत टीव्ही लावून बसला. भोंगा वरच्या खोलीत लेखकाच्या टेबलाशी गेला, खुर्चीपुढची दोरी सोडली आणि खुशाल लेखकाच्या खुर्चीत बसला. लॅपटॉप उघडला. आज कुणाची भीडभाड ठेवायची नाही असं ठरवून त्याने सुरुवात केली ती बाईंपासून. कीबोर्ड खटाखट वाजायला लागला. खालून टीव्हीची बडबड येत होती. रस्त्यावर कुत्रं भुंकत होतं. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं.

मग कापड फाटल्याचा आवाज आला.

टर्र...

खालून. भोंग्याला वाटलं, पहारेकरी पोतेरं करत असेल. पुढचा परिच्छेद लिहिला. लिहून झाल्यावर लक्षात आलं, टीव्ही बंद झालाय. बरं झालं, तो म्हणाला.

टर्र...

आता कुत्रं गप्प झालं. भोंगा पाय मोकळे करायला उठला, खिडकीशी गेला. रस्त्यावर दिव्याखाली कुत्रं उभं होतं. ह्या घराकडे तोंड करून. मान वर, पाय ताठ, तोंड उघडतंय, मिटतंय, उघडतंय. जिवाच्या आकांताने भुंकत होतं ते.

आवाज नव्हता.

फाटकाजवळच्या खोलीत टीव्हीचा निळा उजेड हलत होता.

भोंगा परत येऊन बसला. दमलोय, तो म्हणाला. वय झालं, कानात दडा बसला असेल.

टर्र...

हे मात्र स्वच्छ ऐकू आलं. आणि आता ते खाली नव्हतं. जिन्यात होतं.

त्याने घड्याळाकडे बघितलं. लंबक हलत होता. इकडून तिकडे. टकटक नव्हती.

त्याला क्रम कळला. आधी फाटतं... मग जरा वेळ जातो, गाठ मारायला लागतो तेवढा... मग एक आवाज जातो.

टर्र... दाराशी.

त्याने एक कळ दाबली. पडद्यावर अक्षर उमटलं. दुसरी दाबली. मूठ आपटली. अक्षरांची रांग लागली. खटका नाही. टेबलावर थाप मारली. हाताला झिणझिण्या आल्या. बाकी काही नाही.

त्याने फोन काढला. घरचा नंबर लावला. का, ते त्याला तेव्हाही सांगता आलं नसतं. फोन उचलला गेला. फोनच्या पडद्यावर सेकंद पळायला लागले. वहिनी पलीकडे होत्या. अर्थात बोलल्या नाहीत.

टर्र...

त्याच्या पाठीमागे. अगदी पाठीमागे.

"ऐक," भोंगा म्हणाला.

घशात कंप आला. जीभ हलली. ओठ हलले.

पुन्हा म्हणाला. पुन्हा. चुकलं माझं. ऐकतेस ना? चुकलं. बेंबीच्या देठापासून ओरडला तो. भोंगा! गळ्याच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं.

काही नाही...

सेकंद पुढे चालले होते.

आणि मग खुर्ची हलली. एका पायाशी, इतकीशी उचलली गेली. जपून. झोपलेल्याची मान उशीवर सरळ करावी तशी. थोडा वेळ गेला. हळूच खाली टेकली.

मग दुसरा पाय.

त्याने खाली बघितलं नाही.

तिसरा...

चौथा...

...

पहिला आवाज आला तेव्हा उजाडलं होतं. सायकलची घंटी. मग पहारेकऱ्याचा खोकला. मग घड्याळ. भोंगा उठला आणि गुडघे टेकून खुर्चीखाली बघितलं. पाय उघडे. चिंधी नाही, धागा नाही. तो खाली आला.

पहारेकरी म्हणाला, "साहेब, ते कुत्रं! रात्रभर केकाटत होतं. डोळ्याला डोळा नाही लागला. तुम्हाला झोप आली का?"

"रात्री कुणी आलं होतं?"

"कोण येतंय? फाटकाला कुलूप."

भोंगा उद्घाटनाला थांबला नाही. पहिली बस पकडून घरी. जिना चढताना तो एकच वाक्य घोकत होता, आणि आवाज निघतोय ना म्हणून दर पायरीला ते पुटपुटून बघत होता. बेल दाबायच्या आधीच दार उघडलं.

वहिनी उभ्या होत्या. डोळे नुकत्याच उठल्यासारखे. आणि इतक्या आठवड्यांनंतर त्या बोलल्या.

"अहो, रात्री फोनवर तुमच्याजवळ कोण होतं?"

"कोण म्हणजे?"

"बाई कोणीतरी. मी उचलला, तुमचा आवाज नाही. मी ठेवणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, 'श्श्... ते लिहितायत.' माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं, मीच बोलतेय."

"मग?"

"मी विचारलं, कोण आपण? तर इतक्या दमलेल्या आवाजात म्हणाली, 'तू दमलीस गं. झोप आता. पुढचं मी बघते.' आणि खरं सांगू? मी झोपले. किती वर्षांनी अशी झोपले. आत्ता उठतेय."

भोंग्याने पिशवी खाली टाकली आणि तिथेच, उंबऱ्याबाहेर उभं राहून, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चुकलं माझं! तेव्हाचंही आणि त्याआधीचंही सगळं!"

खालून वकिलांचं दार उघडल्याचा आवाज आला.

"अहो, हळू," वहिनी म्हणाल्या, आणि हसल्या. पोट धरून हसल्या. भोंगा दारातच उभा राहून ते ऐकत राहिला. सगळं. शेवटपर्यंत. मला म्हणाला होता, तेवढं ऐकायला मिळालं म्हणून रात्र वसूल झाली.

मग वहिनी चहा ठेवायला निघाल्या, तर हा म्हणाला, तू बस, मी ठेवतो. तिला बसायला म्हणून त्याने आपल्या टेबलाची खुर्ची मागे ओढली.

खुर्ची मागे आली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

भोंग्याने खाली वाकून बघितलं. चारही पायांना कापड बांधलेलं. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं, हाताने फाडलेलं. घट्ट गाठी.

"हे तू बांधलंस?"

"मी? सांगितलं ना, मी आत्ता उठले. आणि हे कापड आपल्या घरातलं नाही."

गाठी सुटल्या नाहीत. कात्रीने कापाव्या लागल्या. भोंग्याने ते तुकडे गल्लीच्या टोकाच्या कचराकुंडीत टाकले, आणि संपादकाला फोन करून सांगितलं की लेख मिळणार नाही, कुणाला हवा असेल तर त्याने कप विकत घ्यावा. घरी लिहिणं त्या दिवसापासून बंद. आता दोघं मुलीकडे राहतात. तो इतका बोलतो वहिनींशी, की परवा फोनवर त्याच मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना एखादा लेख लिहायला सांगा हो."

जाताना घरातलं सामान वाटून टाकलं त्यांनी. खुर्ची कुणी घेईना. मी घेतली.

हो, हीच.

मघाशी मी खिडकी लावायला उठलो, परत येऊन बसलो. खुर्ची दोनदा ओढली मी. तुमच्यातल्या कुणीही मान वर केली नाही.

कापड? कापड तर तेव्हाच फेकलं. हा बघ, मी उठतो. पायांना हात लावून बघ. नुसतं लाकूड आहे. खाली फरशी आहे. आता पाठ धर तिची आणि ओढ.

घाबरतोस काय, ओढ...

जोरात.

...

अजून जोरात.